हरलेल्याची पाळी

शीला मनवर हट्टी आहे, असं सांगणारे बोरी अरबच्या आमच्या वस्तीत घरोघरी भेटतील. मी त्यांच्यातला नाही. मी बाजार समितीत आयुष्यभर कारकुनी केली आणि हट्टी माणसं रोज पाहिली. हट्टी माणूस आधी गोष्ट धरतो आणि मग तिच्यासाठी कारणं शोधत फिरतो. शीलाचं उलटं आहे. ती आधी गोष्ट चारी बाजूंनी पाहते, बराच वेळ पाहते, आणि एकदा धरली की मग कलेक्टर आला तरी सोडत नाही. याला दुसरा शब्द सापडत नसेल तर हट्ट म्हणा, माझी हरकत नाही.

तिचं घर माझ्या घरासमोर. मधे वस्तीचा सिमेंटचा रस्ता, इकडे माझा ओटा, तिकडे तिचं दार. निवृत्त झाल्यापासून मी ओट्यावर बसतो. माझी बायको म्हणते की मला मनवरांच्या घरावर नजर ठेवायची नवी नोकरी लागली आहे, फक्त पगार तेवढा नाही. म्हणू द्या. मी ओट्यावर नसतो तर ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली असती?

मनवरांच्या घरात चार माणसं. नागोराव गुरुजी, म्हणजे शीलाचे सासरे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. सासू इंदूबाई, बोलायला तिखट आणि मनाने मऊ. नवरा धर्मपाल, दारव्ह्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, सकाळी जातो आणि दिवेलागणीला येतो. आणि शीला, माहेर मुकुटबनचं, बारावी झालेली. पुढे शिकायचं होतं, लग्न झालं, राहून गेलं. त्याचं रडगाणं तिने कधी माझ्यासमोर गायलं नाही.

दोन वर्षांपूर्वी धर्मपालने यवतमाळहून दोन जुने टीव्ही आणि दोन गेमची मशिनं आणली. तिथला कोणी दुकानदार खोली खाली करत होता. धर्मपालचा बेत सुटे भाग काढून वापरायचा. शीला म्हणाली, फोडायच्या आधी चालतं का ते तर पाहू. घराच्या पुढच्या खोलीत, जिथे हंगामात कापूस भरून ठेवत, तिथे तिने एक मशिन जोडलं. जरा वेळाने खिडकीत पोरांची तोंडं दिसायला लागली. आठवड्याने खोली झाडून झाली, सतरंजी आली, आणि दारावर खडूने लिहिलेलं नाव आलं. वस्तीत गेमचं दुकान सुरू झालं, आणि तेही गुरुजींच्या घरात.

गेमच्या दुकानात एक नियम असतो. कोणी केला माहीत नाही, पण दारव्ह्यात जा नाहीतर यवतमाळात जा, सगळीकडे तोच. हरला तो उठला. जिंकणारा रिमोट धरून बसून राहतो, हरणारा उठून मागे उभा राहतो आणि पाळी यायची वाट पाहतो. शीलाच्या दुकानातही पहिले काही महिने हेच चाललं. ती दारात तांदूळ निवडत बसायची आणि पाहायची. दोघं-तिघं पोरं सकाळपासून सतरंजीवर ठाण मांडून, बाकीची भिंतीला टेकून. सतरंजीवरची पोरं दिवसेंदिवस हुशार होत होती. भिंतीला टेकलेली नुसती ओरडण्यात तरबेज झाली होती.

एक दिवस तिने जाहीर केलं की आजपासून जिंकला तो उठेल आणि हरला तो पुन्हा खेळेल. पोरांनी घर डोक्यावर घेतलं. जिंकणारे म्हणाले, हा तर सरळ अन्याय आहे. आणि दुसऱ्याच दिवशी जे व्हायचं ते झालं. बसून राहायला मिळतं म्हणून सगळी पोरं मुद्दाम हरायला लागली. गाड्यांच्या शर्यतीत बसलेला प्रत्येक जण रस्ता सोडून भिंत शोधत होता. मी ओट्यावर इतका हसलो की चहा सांडला. मला वाटलं, आता ही जुन्या नियमावर येईल.

ती आली नाही. तिने नियमाला एक शेपूट जोडलं. हरलेला पुन्हा खेळेल, पण आधी त्याने सगळ्यांदेखत सांगायचं, की तो कुठे हरला आणि काहून हरला. हरवणाऱ्याला ते कारण पटलं पाहिजे. सांगता आलं नाही तर रिमोट खाली ठेवायचा, बाजूला बसून दुसऱ्याचा खेळ नीट पाहायचा, आणि कारण सापडलं की परत यायचं. 'मुद्दाम हारलो' असं सगळ्यांदेखत सांगायला कोणालाच बरं वाटेना, त्यामुळे भिंती शोधणं बंद झालं.

मग माझी खरी करमणूक सुरू झाली. पहिल्या पहिल्यांदा कारणं ऐकण्यासारखी होती. रिमोट खराब हाये. ऊन डोळ्यावर येते. यानं कोपर मारलं. शीलाने रिमोट बदलून दिला, खिडकीला जुनं लुगडं बांधलं, दोघांच्या मधे उशी ठेवली. कारणं संपली. हळूहळू पोरं स्वतःकडे वळली. वळणाच्या आधी मी वेग कमी नाही केला. उडी मारायची घाई झाली, खालची फळी हलते हे पाह्यलंच नाही. मी त्याच्याकडं पाहत होतो, रस्त्याकडं नाही. बाजार समितीत मी मोठमोठे सौदे बुडताना पाहिले, पण स्वतःबद्दल असं वाक्य बोललेला एक माणूस मला आठवत नाही. आणि इथे चड्डीतली पोरं ते दिवसभर बोलत होती.

त्यांच्यात एक पोरगी होती, पारमी. सहावीतली. बापाचं नाव भारत, तो बोरी ते दारव्हा ऑटो चालवतो. पारमीचा आवाज गळ्यातच राहायचा, नाव विचारलं तरी दोनदा विचारावं लागे. तिला एक खेळ आवडायचा. त्यात खारीसारखं एक जनावर किल्ल्याच्या भिंती चढत जातं. एका बुरुजावर ते पडायचं, म्हणजे पडायचंच. पारमी पडली की हळूच कारण सांगायची आणि पुन्हा सुरू करायची. मला तिची दया यायची. मी शीलाला म्हणालो, तिला दुसरा सोपा खेळ दे.

शीला म्हणाली, "काका, नीट पाहा. पडते एकाच जागी, पन चूक दरवेळी नवी हाये. म्हंजे पोरगी पुढं सरकून राह्यली."

आता गुरुजींबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक समजाल. वस्तीतल्या ज्या घरात नोकरी आली, त्या घरातलं पोर गुरुजींच्या हाताखालून गेलेलं आहे. विहारात संध्याकाळी ते अभ्यासिका चालवत. बक्षीस नाही, मानधन नाही. पांढरा सदरा, हातात काठी. काठी मारायला नव्हती, अक्षरावर टेकवायला होती. त्यांच्या अभ्यासिकेतही एक नियम होता. पोरांनी उभं राहून आळीपाळीने वाचायचं. चुकला की बसला. लगेच पुढच्याने सुरू करायचं. त्यांच्या गुरुजींनी त्यांना असंच शिकवलं होतं, आणि ते शिकले होते.

शीलाचं दुकान चालायला लागलं तशी अभ्यासिका ओस पडायला लागली. वस्ती हसायची. सासरा पोट्टे जमवते, सून पळवते, हे वाक्य मीच किमान चार जणांच्या तोंडून ऐकलं. गुरुजींच्या कानावर ते गेलंच असणार. ते घरात शीलाशी बोलत, पण पुढच्या खोलीतून न जाता मागच्या दाराने ये-जा करत.

एका संध्याकाळी भारत ऑटो रस्त्यातच उभी करून उतरला. दुकानाच्या दारातून पारमीचं मनगट धरून तिला बाहेर काढलं. शिकलो नाही म्हणून माझा जन्म या ऑटोत गेला, आणि तू माझ्या पोरीला टीव्हीत घालतेस, असं तो शीलाला सगळ्यांदेखत बोलला. शीलाने त्याला आत येऊन एकदा पाहून जा म्हटलं. त्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. पारमी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, बापाची ऑटो दारव्ह्याकडे गेल्यावर.

मग आषाढी पौर्णिमा जवळ आली. आमच्याकडे आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. रोज संध्याकाळी विहारात सगळी वस्ती जमते, बुद्धवंदना होते आणि धम्माच्या ग्रंथाचं वाचन होतं. पानं पुढे जातात, खंड पडू द्यायचा नसतो. इतकी वर्षं गुरुजी वाचायचे. मागची दोन-तीन वर्षं त्यांच्या जोडीला संघदीप वाचायचा, अभ्यासिकेतला सगळ्यात हुशार पोरगा, न अडखळता सरसर वाचणारा. पण संघदीप कॉलेजसाठी यवतमाळच्या वसतिगृहात गेला. आणि गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं. बारीक अक्षर वाचू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

यंदा वाचणार कोण? गुरुजींनी वस्तीत शोधलं. मोठे लोक म्हणाले आमची सवय गेली. पोरं मान खाली घालून पळाली. त्या रात्री जेवताना गुरुजींनी शीलाला सांगितलं की पोरं तुझ्या दुकानात असतात म्हणून विहारात वाचणारं कोणी उरलं नाही, तेव्हा पौर्णिमेपासून दुकान बंद. खोली त्यांची होती. धर्मपाल ताटात बघत राहिला. हे मला इंदूबाईंनी सांगितलं. त्यांनी हेही सांगितलं की शीलाने उत्तर दिलं नाही, आणि सुनेने उत्तर दिलं नाही की त्यांना जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी शीला अभ्यासिकेत जाऊन मागे बसली. मी तिथे पेपर वाचायला जातोच. आठ-दहा पोरं होती. पहिला उभा राहिला, एका ओळीत चुकला, बसला. दुसरी बसली. पारमीने दीड ओळ वाचली, एका जोडाक्षरावर थबकली, आणि गुरुजी म्हणाले, बस. एक मुलगा बरा वाचणारा होता, त्याने उरलेली दोन पानं एकट्याने वाचली. बाकीची पोरं भिंतीला टेकून बसली होती. मी इतकी वर्षं ते पाहत होतो. मला त्यात काही दिसलं नव्हतं.

पोरं गेल्यावर शीला उठून सासऱ्यांसमोर गेली. तिचा आवाज वर गेला नाही.

"मामाजी, जो चुकते त्यालेच वाचाची गरज हाये, आन् त्यालेच तुमी बसवता. ज्याले येते थोच वाचत राह्यते. म्हनून इतक्या वर्सांत एक संघदीप तयार झाला. थो गेला आन् विहार मुका झाला. त्यात माह्या दुकानाचा काय दोष?"

गुरुजींनी काठी जमिनीवर टेकवली. मला टीव्हीपासून शिकायला लावतेस का, असं त्यांनी विचारलं.

"व्हय," शीला म्हणाली. "टीव्ही चुकलेल्याले बसवत नाही. पुन्हा कर म्हनते. पोट्टे त्याले भेत नाहीत, तुमाले भेतात."

मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. सासऱ्याला विहारात असं बोललेली सून मी पाहिली नव्हती. गुरुजींनी अट घातली. अश्विनी पौर्णिमेच्या संध्याकाळी तुझ्या दुकानातल्या एका पोराने, मी काढून देईन ते पान, एकही चूक न करता वाचून दाखवायचं. चुकलं तर दुकानाची किल्ली माझ्या हातात. तोपर्यंत चालू दे. शीलाने मान्य केलं, आणि वर, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाली की तोपर्यंत वर्षावासाचं वाचनही माझीच पोरं करतील. हे असं आहे. अंगावर आलेलं ओझं ती उचलते, आणि उचलता उचलता शेजारचंही उचलते.

दुकानात आता दिवे लागायच्या आधी टीव्ही बंद व्हायचे आणि पानं निघायची. नियम तोच. चुकला तो पुन्हा वाचेल, पण आधी सांगेल की कुठे आणि काहून चुकला. मग परिच्छेदाच्या सुरुवातीला जायचं, खार पडली की बुरुजाच्या पायथ्याशी जाते तसं. निम्मी पोरं पहिल्याच आठवड्यात पळाली. शीलाने कोणाला धरून ठेवलं नाही. मी तिला शहाणपणा शिकवायला गेलो की एक पान वाचलं तर एक खेळ, असं कर, बघ कशी येतात. ती म्हणाली की मग वाचन कडू आहे, असं मीच त्यांना सांगितल्यासारखं होईल. मी ओट्यावर येऊन बसलो.

अडचण मोठमोठ्या शब्दांची होती. ग्रंथात पाली नावं, लांबलचक जोडशब्द. ते शीलालाही यायचे नाहीत आणि तसं ती पोरांना सरळ सांगायची. मग शब्द घेऊन पोराला मधल्या दाराने गुरुजींकडे पाठवायची. पहिल्यांदा पारमी गेली. गुरुजी खाटेवर डोळ्यांत औषध टाकून पडले होते. त्यांनी शब्द सांगितला आणि फटकारलं, की हे अभ्यासिकेत का विचारलं नाहीस. पारमी म्हणाली, "तिथं विचारलं त बसा लागते." इंदूबाई हे सांगताना पदराने तोंड झाकून हसत होत्या. त्यानंतर चार दिवसांनी मी पाहिलं, तर गुरुजींची खाट मधल्या दाराच्या अगदी जवळ सरकलेली होती. हवा येते म्हणून, असं ते म्हणाले.

विहारातले पहिले दिवस मात्र फार वाईट गेले. माइक होता, त्यामुळे चूक सगळ्या वस्तीला ऐकू जायची. पोरं अडखळायची, मागे जायची, पुन्हा वाचायची. इंदूबाईंनी घरी जाताना विचारलं, की आज ग्रंथ ऐकला का रेडिओचं स्टेशन लावत होते? काही लोक यायचे बंद झाले. गुरुजी पुढे डोळे मिटून बसायचे आणि पहिली चूक आली की सवयीने म्हणायचे, बस. पोरगं शीलाकडे बघायचं. ती दारात उभी असायची आणि मान हलवून नाही म्हणायची. मग पोरगं म्हणायचं, "मी शब्द मधातच तोडला. पुन्हा वाचतो." गुरुजींच्या कपाळावर आठी यायची.

पावसाळा निम्मा सरला आणि एक गोष्ट घडली, जी शीलालाही अपेक्षित नव्हती. तोच परिच्छेद दोनदा-तीनदा कानावर पडल्यामुळे लोकांना ग्रंथ समजायला लागला. विमलताई, ज्या दरवर्षी पुढच्या रांगेत बसून डुलक्या काढतात, एका संध्याकाळी म्हणाल्या की इतकी वर्षं वाचन संपलं की मी हात जोडून साधू साधू म्हणत आले, पण त्यात काय सांगितलं आहे ते आज कळलं. गुरुजींनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोरगं चुकलं तेव्हा ते 'बस' म्हणाले नाहीत. आणि मी आणखी एक पाहिलं होतं. पारमीची पाळी असली की विहाराच्या भिंतीपलीकडे भारतची ऑटो इंजिन बंद करून उभी असायची. वाचन संपलं की निघून जायची.

अश्विनी पौर्णिमेला विहार भरून गेला. पांढरे कपडे, मागच्या बाजूला खिरीचं पातेलं, धर्मपाल दुकान लवकर बंद करून आलेला. सगळ्यांना अट माहीत होती. भारत या वेळी आत आला, खाकी शर्टातच, आणि अगदी मागे उभा राहिला. शीलाने पारमीचं नाव घेतलं. मला वाटलं होतं ती दुसऱ्या कोणाचं घेईल, पारमीपेक्षा सफाईने वाचणारी दोन पोरं होती. पण तिने ठरवलं होतं.

गुरुजींनी पान आधीच ठरवून ठेवलं होतं. इंदूबाईंकडून खूण घालून घेतली होती. मधलं, खचाखच भरलेलं पान. पारमी माइकसमोर उभी राहिली. आवाज बारीकच होता, पण आता तो गळ्याबाहेर होता. दोन ठिकाणी असे शब्द आले की माझीच जीभ तोंडात वळेना, ती ते पार करून गेली. धर्मपालने श्वास सोडलेला मला ऐकू आला. पान संपलं. सगळ्यांनी हात जोडले, साधू म्हणायला तोंडं उघडली.

"थांबा," पारमी म्हणाली. "माही एक ओळ सुटली. दोन ओळी सारख्याच शब्दानं सुरू होतात, मी वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर गेली. पुन्हा वाचते."

खरं सांगतो, मला काही कळलं नव्हतं. विहारात दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावरही काही दिसलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर दुकान वाचलं होतं. तिने पानाच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं आणि सगळं पान पहिल्यापासून वाचलं, सुटलेल्या ओळीसकट. या वेळी एक काना इकडचा तिकडे झाला नाही. पण अट एका वाचनाची होती.

शीलाने कमरेची किल्ली काढली आणि गुरुजींच्या समोर ठेवली. तेव्हा पारमीला आपण काय केलं ते समजलं आणि ती रडायला लागली. शीलाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर सांगतलं तू," एवढंच म्हणाली. मला राग आला होता. पोरीचा, शीलाच्या त्या शांत चेहऱ्याचा, आणि गुरुजींच्या अटीचा. उठून काहीतरी बोलावं असं फार वाटलं.

बोलला भारत. तो मागून माणसांमधून वाट काढत पुढे आला. मला वाटलं, पोरीला घेऊन जाईल. तो गुरुजींच्या समोर उभा राहिला.

"गुरुजी, मी पाचवीत असताना तुमी मले बसवलं होतं. त्याच्यानंतर मी उभाच नाही राह्यलो. माही पाळी बाकी हाये."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने किती दिसत होतं कोण जाणे. त्यांनी ग्रंथाकडे हात केला. भारत माइकसमोर गेला, पोरीच्या शेजारी उभा राहिला, आणि दुसऱ्याच शब्दावर अडला. विहारात कोणी हसलं नाही. पारमीने डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, बाबा, घाई केली तुम्ही. माइकमुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. भारतने मान हलवली आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा अडला. त्याच्या मानेवर घाम आला होता. दारव्ह्याच्या रस्त्यावर ट्रकला न भिणारा माणूस एका ओळीसमोर असा उभा होता, आणि मला आठवलं की अभ्यासिकेच्या भिंतीला टेकून बसलेली अशी किती पोरं आज वस्तीत बाप झाली आहेत. त्यातली निम्मी तिथेच बसलेली होती.

गुरुजी काठी टेकत उभे राहिले.

"ओळ सुटली हे मले समजलं होतं," ते म्हणाले. "पान पाठ हाये माहं. मी गप राह्यलो. म्हटलं जाऊ दे, सुनेचं दुकान वाचते. मी गप राह्यलो, पोरगी नाही राह्यली."

ते खाली वाकले, चाचपून किल्ली उचलली आणि शीलाच्या हातात दिली.

"अट चुकली माही. पुन्हा घालतो. पुढच्या वर्षावासापर्यंत, मी बसवलेलं एक बी मानूस या वस्तीत बसलेलं राहाले नाही पाहिजे. हे तुले माह्यासंगं करा लागन. जमन का?"

शीला म्हणाली, जमेल. तिने किल्ली परत कमरेला खोचली.

गुरुजी खाली बसले नाहीत. ते भारतच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्याला विचारलं, कुठे होतास तू. भारतने बोटाने ओळ शोधली आणि पहिल्यापासून वाचायला लागला.